एकेचाळीस हाका

ब्रिगेडचं पुस्तक आलं त्या दिवशी कस्तुराबाई उसाला पाणी देत होती. चिखलाचा हात पदराला पुसून तिनं कुरियरवाल्याच्या मोबाईलवर बोटानं सही केली आणि पुडकं न फोडताच घरात नेऊन फळीवर ठेवलं. पुस्तक इंग्रजी होतं, तिला वाचता येणार नव्हतं. पण त्यात आपल्या नवऱ्याचं नाव आहे, एवढं तिला फोनवर सांगितलेलं होतं.

तिचा नवरा नाईक रोहिदास फराटे नव्व्याण्णव सालच्या लढाईत गेला. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या ब्रिगेडमध्ये नुसतं भरती होऊन जाता येत नसे. वेगवेगळ्या पलटणींतून माणसं निवडायची, तीन महिने त्यांना झिजवायचं, निम्मी परत पाठवायची आणि उरलेली ठेवायची, अशी तिथली रीत. मांडवगण फराटा या त्यांच्या गावातून तिथवर पोचलेला रोहिदास एकटाच. एसटी स्टँडजवळ त्याचा अर्धपुतळा आहे. खाली संगमरवरात कोरलंय: ३ जुलै १९९९, शत्रूशी लढताना जागीच वीरमरण.

यंदा त्याला पंचवीस वर्षं होत होती. पासष्ट, एकाहत्तर आणि नव्व्याण्णव अशा तिन्ही लढायांमधला आपला इतिहास ब्रिगेडनं छापून काढला होता. त्याचं गावातलं प्रकाशन सरपंच सर्जेरावांनी तीन जुलैला पुतळ्यासमोर ठेवलं होतं. पुण्याहून निवृत्त ब्रिगेडियर सप्रे येणार होते. लढाईत ते रोहिदासच्या कंपनीचे मेजर होते, आणि पुस्तकही त्यांनीच संपादित केलेलं. त्याच कार्यक्रमात शिरूरच्या रशीद तांबोळीचा सत्कार होता. शाल कस्तुराबाईनं घालायची, असं ठरलं होतं.

कस्तुराबाई त्यावर खूश होती. रशीद तिचा मानलेला भाऊ. रोहिदासच्याच कंपनीत तो वायरलेस ऑपरेटर होता. लढाईनंतर चार महिन्यांनी, रोहिदासची काळी पेटी डोक्यावर घेऊन तो पहिल्यांदा या घरात आला. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि वैष्णवी नुकती भिंतीला धरून उभी राहत होती. ओसरीवर सासू, दीर भैरू आणि भावकीतले दोघं बसले होते. जमीन भैरूच्या नावावर करावी आणि कस्तुरानं पोरगी घेऊन माहेरी जावं, असं बोलणं चाललं होतं. सासूनं रशीदला विचारलं, "जाताना काय बोलला का रं माझा रोहिदास?"

रशीदनं पेटी खाली ठेवली. म्हणाला, "कागदावर जागीच गेला लिव्हलंय, पण पाच मिनिटं माझ्या मांडीवर होता. म्हणला, कस्तुराला सांग, जमीन सोडू नको, घर सोडू नको, आन् पोरीला शिकव."

त्यानंतर कोणाची बोलायची छाती झाली नाही. कस्तुरानं तो शब्द पंचवीस वर्षं पाळला. भैरूनं बांध कोरला, पाण्याची पाळी चोरली, तरी ती हटली नाही. पोरीला तिनं बीएस्सी केलं. मधे एकदा, वैष्णवी चार वर्षांची असताना, शाळेतल्या मारुतराव मास्तरांनी एका बाईकडून विचारणा केली होती. मास्तरांची बायको वारली होती, माणूस सरळ होता, आणि कस्तुराला तो आवडत होता. तिनं तीन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. घर सोडू नको म्हणून सांगून गेलाय, ती म्हणाली. पुढच्या वर्षी मास्तरांनी दुसरीकडं लग्न केलं.

रशीद पुढं फौजेतून सुटला आणि शिरूरला बाजारपेठेत त्यानं शिलाईचं दुकान टाकलं. दर राखीला कस्तुराबाई त्याच्याकडं जायची. दर तीन जुलैला तो पुतळ्याला हार घालायला यायचा आणि गाव त्याच्याकडून रोहिदासचे शेवटचे शब्द ऐकायचं.

वैष्णवी आता कुरकुंभच्या एका औषध कंपनीत क्वालिटी लॅबमध्ये होती आणि दौंडला खोली घेऊन राहायची. रविवारी ती घरी आली आणि पुस्तक बरोबर घेऊन गेली. सोमवारी फर्स्ट शिफ्टला, जेवणाच्या सुट्टीत, तिनं ते कँटीनमध्ये उघडलं. वडिलांवर दोन ओळी होत्या. पण खालच्या टिपेत, परिशिष्ट चार पहा, असं लिहिलं होतं. परिशिष्टाचं शीर्षक होतं: वायरलेस शिस्तीचा आदर्श, उंटपाठ टेकडी, ४ आणि ५ जुलै.

तिनं तारीख दोनदा वाचली.

खाली वायरलेसचा लॉग छापला होता. लॉग वाचणं हे तिचं रोजचं काम. किती वाजता, काय झालं, कोणी लिहिलं, सही.

पहाटे ५.१०. नाईक फराटे यांची हाक. कंबरेला जखम, हलता येत नाही. उत्तर दिलं नाही.

५.३५. हाक. शत्रूच्या बंकरखाली चाळीस यार्डांवर, कपारीत. उत्तर दिलं नाही.

६.२०. हाक. कामाचं काही नाही. उत्तर दिलं नाही.

अशा एकेचाळीस नोंदी. शेवटची दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वीसची. बारा नोंदींमध्ये काहीतरी माहिती होती: मशिनगनी किती, पहारा कधी बदलतो, दारूगोळा कुठल्या बाजूनं येतो. उरलेल्या एकोणतीस नोंदींमध्ये एकच वाक्य. कामाचं काही नाही. आणि प्रत्येक नोंदीपुढं सही, लान्स नाईक आर. तांबोळी.

वैष्णवीनं ताट तसंच ठेवलं आणि बाहेर पार्किंगच्या शेडखाली येऊन निमंत्रणपत्रिकेवरचा ब्रिगेडियर सप्र्यांचा नंबर लावला. त्यांनी लगेच उचलला.

"फराट्यांची मुलगी? वा. पुस्तक मिळालं ना?"

"सर, माझे वडील तीन तारखेला गेले असं दगडावर कोरलंय."

"परिशिष्ट वाचलंत तर."

"हो."

"मग तुम्हाला अभिमान वाटायला हवा. तीन तारखेला सात जणांची गस्ती तुकडी वर गेली होती. तीन जागीच गेले, तीन परत आले. तुमचे वडील वर राहिले, वायरलेस सेट त्यांच्याकडे होता."

"त्यांना आणायला कोणी का गेलं नाही?"

"शत्रू त्याचीच वाट बघत होता. त्यांना हाका ऐकू येत होत्या. मराठी कळत नव्हती, पण हाका कळत होत्या. गेलो असतो तर माणसं मेली असती आणि कंपनी खाली आहे हेही कळलं असतं. एक माणूस तासन्‌तास हाका मारतो आणि कोणी ओ देत नाही, म्हणजे खाली कोणी उरलेलंच नाही, अशी त्यांची खात्री झाली. ते गाफील राहिले. पाच तारखेला संध्याकाळी आम्ही टेकडी घेतली. तुमच्या वडिलांनी सांगितलेल्या मशिनगनी होत्या तिथेच सापडल्या."

"म्हणजे त्यांचं ऐकलं सगळं."

"शब्द न्‌ शब्द. म्हणून तर मराठी येणारा ऑपरेटर बसवला. सिग्नलच्या नव्या पोरांना आम्ही हा लॉग शिकवतो."

"तीन तारीख का लिहिली मग?"

"घरच्यांना काय सांगायचं असतं हो? जागीच गेला, हे ऐकायला बरं असतं. आता पंचवीस वर्षं झाली. आता तो इतिहास आहे."

"आणि कामाचं काही नाही म्हणजे काय?"

"लष्करी उपयोगाचं काही नाही. ते वाक्य मी ठरवून दिलं होतं. तांबोळी सगळंच लिहायला लागला होता, पान भरत होता. मी म्हटलं, एवढंच लिही."

बुधवारी तिची सुट्टी होती. दौंडहून एसटीनं ती शिरूरला गेली. रशीद दुकानात सिक्युरिटीवाल्यांच्या गणवेशाचे खिसे जोडत होता. त्याची बायको मदिना मागच्या बाजूला काजं करत बसली होती. वैष्णवीनं पुस्तक शिलाई मशिनवर उघडून ठेवलं. रशीदनं पान ओळखलं. चष्मा काढून त्यानं तो शर्टाला पुसला आणि परत घातला नाही.

"मामा, ही सही तुमची हाय?"

"माझी हाय."

"मांडीवर पाच मिनिटं म्हणला होता तुम्ही."

"तुझ्या आईला सांगू नको, वैशू. कार्यक्रम होऊन जाऊ दे."

"शाल घेणार तुम्ही तिच्या हातून?"

"साहेबांना दोनदा न्हाई म्हणलो व्हतो मी."

"तिसऱ्यांदा व्हय म्हणले," मागून मदिना म्हणाली. तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. "पंचवीस वर्षं मी सांगते, जा, त्या बाईला खरं सांगून या. तर म्हणायचे, राखी तुटंल."

वैष्णवीनं आणखी एकच विचारलं. आईला सांगितलेले ते शब्द वडील कधी बोलले होते, चार तारखेला की पाच? रशीदनं नाही म्हणून मान हलवली, आणि तिला समजलं.

संध्याकाळी मांडवगणला येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. सांगावं की नाही, याचा तिनं गाडीत विचार केला होता. पण आई शालीचा रंग विचारायला लागली तेव्हा तिला गप्प राहता येईना. कस्तुराबाई परातीत कणीक मळत होती. ती मळत राहिली. एकतीस तास, हे ऐकताना मळत होती. ओ दिली नाही, हे ऐकतानाही. शब्द रशीदनं बनवले, असं वैष्णवी म्हणाली तेव्हा तिचे हात थांबले.

"कुठले?"

"सगळेच."

कस्तुराबाईनं कणकीवर ओलं फडकं टाकलं. त्या दिवशी भाकरी-चपाती काही झाली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं दोघी शिरूरला गेल्या.

रशीद त्यांची वाट बघत असावा. मशिन बंद होतं. कस्तुराबाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "शटर वढ खाली." आजवर ती त्याला अहो-जाहो करायची. त्यानं मुकाट्यानं शटर अर्धं ओढलं.

"एकतीस तास तू कानाला लावून बसला व्हतास?"

"व्हय."

"जमीन सोडू नको, हे कितव्या हाकंला बोलला?"

"न्हाई बोलला ताई."

"घर सोडू नको?"

"ते मी बोललो. तुमचा दीर जमीन मागत व्हता. तुम्ही दाराआड उभ्या, पोरगी कडंवर. तुम्हाला बाहेर काढत्यात, एवढं मला दिसलं. जे सुचलं ते बोललो. त्यानं तुमचं भलंच झालं न्हवं?"

"माझं नाव घेतलं का त्यानं? एकदा तरी?"

रशीदनं मदिनाकडं पाहिलं. "माझ्याकडं नका बघू," मदिना म्हणाली.

"आईला हाक मारली. मला मारली. तुमचं नाव न्हाई घेतलं."

"पोरीचं?"

"न्हाई."

कस्तुराबाईनं मान हलवली, जणू हिशोब जुळला. मग ती वैष्णवीकडं न बघता बोलायला लागली. "शेवटच्या सुट्टीला आला तवा पोरगी महिन्याची व्हती. पोरगी का झाली म्हणून त्यानं मला चुलीतल्या लाकडानं मारलं. पाठीवर डाग हायेत अजून. चार दिवस पोरीचं तोंड बघितलं न्हाई आन् तसाच गेला. मग तू आलास. पोरीला शिकव, म्हणला, असं तू सांगितलंस. मी म्हणलं, मरताना तरी सुधारला माझा माणूस. त्या दिवशी माफ केलं मी त्याला. त्याच्यासाठी मास्तरांना न्हाई म्हणले. पंचवीस वर्षं त्याच्या फोटोला हार घालती मी. मग माफ कोणाला केलं मी? तुला?"

वैष्णवी भिंतीला टेकून उभी होती. शाळेत असताना बाबांवर निबंध लिहायला सांगितला की ती प्रत्येक वेळी तेच वाक्य लिहायची, पोरीला शिकव. त्यावर तिला तालुक्याचं बक्षीसही मिळालं होतं. आईच्या पाठीवरचे डाग तिनं पाहिले होते. लहानपणी भाजलं, असं आई सांगायची.

"मी येत न्हाई कार्यक्रमाला," रशीद म्हणाला. "साहेबांना कळवतो."

"येशील," कस्तुराबाई म्हणाली. "शाल मी घालणार हाय."

तीन जुलैला पुतळ्यासमोर मांडव पडला. फ्लेक्सवर रोहिदासचा, सर्जेरावांचा आणि आमदारांचा फोटो होता. सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे मारुतराव मास्तरांकडं, ते आता मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या रांगेत त्यांची बायको आणि नातू बसले होते. ब्रिगेडियर सप्रे छान बोलले. त्यांनी रोहिदासला वाघ म्हटलं. मग रशीदकडं हात करून म्हणाले, "या माणसानं एकतीस तास तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून ती टेकडी आज आपली आहे." शब्द कोणासमोर काढला नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कस्तुराबाई उठली. तिनं रशीदच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, कपाळाला गंध लावलं. फोटोसाठी दोघं सरळ उभे राहिले. मास्तर म्हणाले, "वीरपत्नी कस्तुराबाईंनी दोन शब्द बोलावेत," आणि माईक तिच्या हातात दिला. ती आजवर कधी माईकवर बोलली नव्हती.

"माझा माणूस जाताना काय बोलला, ते तुम्हा सगळ्यांना पाठ हाय," ती म्हणाली. "पण रशीदभाऊंच्या तोंडनं ऐकलं की बरं वाटतं. सांगा भाऊ."

तिनं माईक त्याच्या तोंडासमोर धरला. रशीदनं तिच्याकडं पाहिलं. ती हसत होती.

"जमीन सोडू नको," तो म्हणाला. "घर सोडू नको. पोरीला शिकव."

"खरं हाय न्हवं हे?"

"व्हय."

"मोठ्यांदा. मागं ऐकू जात न्हाई."

"व्हय. खरं हाय."

टाळ्या झाल्या. ती माईक काढेना. "अजून काय बोलला व्हता? एवढं तर दरसाल सांगता. आज साहेब आल्यात, काहीतरी नवीन सांगा."

ब्रिगेडियर सप्रे खुर्चीत पुढं सरकून बसले. आपण कशात सापडलो आहोत, ते त्यांच्या ध्यानात आलं असावं. पण ते उठले नाहीत. मांडवातली चारपाचशे माणसं वाट बघत होती.

"म्हणला," रशीद म्हणाला, "गावाला माझा रामराम सांग."

या वेळी टाळ्या थांबता थांबेनात. दोन म्हाताऱ्या रडायला लागल्या. सर्जेरावांनी 'अमर रहे'ची घोषणा दिली. कस्तुराबाईनं माईक मास्तरांच्या हातात परत दिला आणि जागेवर जाऊन बसली.

घरी आल्यावर वैष्णवीनं विचारलं, "आई, हे का केलंस?"

"खोटं बोलताना त्याचं तोंड कसं व्हतं, ते बघायचं व्हतं. तवा दाराआडनं दिसलं न्हवतं."

"मग?"

"काय न्हाई. सवय हाय त्याला."

तेवढ्यावर ते थांबलं नाही. कस्तुराबाईनं वैष्णवीकडून तो सगळा लॉग मराठीत एका शंभरपानी वहीत लिहून घेतला. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती वही पिशवीत घालून शिरूरला गेली, रशीदच्या दुकानात स्टुलावर बसली आणि वही उघडून म्हणाली, "सहा वीस. काय बोलला?"

रशीदला आधी कळलं नाही.

"कामाचं न्हाई लिव्हलंय. ते सांग. कामाचं तुम्ही वापरलं. हे माझं हाय."

दर आठवड्याला ती दोन किंवा तीन नोंदी विचारायची. जास्त नाही. वाचता यायचं, पण अक्षर लावत लावत. त्यानं सांगितलेलं ती त्या नोंदीपुढं पेन्सिलीनं लिहायची. सहा वीसला रोहिदास म्हणाला होता की डावा बूट काढता येत नाही, पाय सुजलाय. सव्वानऊला म्हणाला, बोलू नको, नुसती फुंकर मार, मला कळंल. अकराला त्यानं रशीदला आईवरून शिव्या दिल्या. कुठल्या शिव्या, तेही तिनं विचारलं आणि लिहून घेतल्या. दोनच्या पुढं तो लहान असताना आईनं विहिरीत पोहायला कसं सोडलं होतं ते सांगत राहिला. त्यात तहान हा शब्द नऊ वेळा होता. एकदा तो हसला होता, का ते रशीदला समजलं नव्हतं.

काही नोंदी रशीदला आठवायच्या नाहीत. तेव्हा ती वही मांडीवर ठेवून बसून राहायची. "आठव," म्हणायची. "बनवू नको. बनवलं तर मला आता कळतं." गिऱ्हाइकं यायची, तिला बघून परत जायची. रशीदची बोटं सुईखाली जायला लागली. दोन महिन्यांनी मदिना तिच्या पाया पडायला आली. म्हणाली, "ताई, त्यांना अन्न गोड लागत न्हाई. कापड उलटं कापत्यात. आता पुरे करा."

"किती राहिल्यात?" कस्तुराबाईनं तिलाच विचारलं आणि वही पुढं केली. मदिनाला मोजावं लागलं. नऊ राहिल्या होत्या.

राखीपौर्णिमा मधेच गेली. कस्तुराबाई त्या दिवशी शिरूरला गेली नाही.

शेवटच्या पाच नोंदींमध्ये बोलणंच नव्हतं. बटण दाबल्याचा आवाज आणि श्वास, रशीदनं सांगितलं. बारा वीसला श्वासही नीट नव्हता, नुसतं बटण. तरी त्यानं नोंद केली, कारण नोंद करायचा हुकूम होता.

कस्तुराबाईनं ते लिहिलं आणि पेन्सिल वहीत ठेवली. "तुला एकदाबी बोलावंसं वाटलं न्हाई?"

"अंगठा बटणावरच व्हता, ताई. पण मेजरसाहेब शेजारी बसलेले."

"एकतीस तास बसले व्हते?"

रशीदनं मशिनच्या चाकावर हात ठेवला. "न्हाई," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी सव्वानऊला, फुंकर मार म्हणला तवा, साहेब नकाशा बघायला बाहेर गेले व्हते. दहा मिनिटं मी एकटाच व्हतो."

"मग?"

"भ्यालो."

"शत्रूला?"

"न्हाई. साहेबांना. लान्स नाईकची फीत जाईल म्हणून."

मागं मदिनानं काज करणं थांबवलं. हे तिलाही त्यानं कधी सांगितलं नव्हतं. कस्तुराबाईनं वही मिटून पिशवीत घातली, आणि त्यानंतर ती त्या दुकानात गेली नाही.

दिवाळीच्या आधी तिनं जमीन विकायला काढली. गिऱ्हाईक म्हणून भैरूच उभा राहिला, आणि ती त्यालाच द्यायला तयार झाली. वैष्णवी दौंडहून रजा टाकून आली. जमीन विकू नको म्हणाली. पंचवीस वर्षं राखलीस, आता कशाला.

"विकू नको म्हणून कोणी सांगितलंय?" कस्तुराबाईनं विचारलं.

वैष्णवीनं रजा आणखी वाढवली.

खरेदीखताला ओळख पटवायला दोन माणसं लागत होती. एक सर्जेराव आले. दुसऱ्यासाठी कस्तुराबाईनं रशीदला निरोप पाठवला. शिरूरच्या नोंदणी ऑफिसात तो वेळेआधीच येऊन बाकावर बसला होता. दाढी वाढलेली होती, अंगावरचा शर्ट त्यानं स्वतः शिवलेला नव्हता. त्यानं वैष्णवीला जवळ बोलावलं. ती आईशेजारीच उभी राहिली. नंबर आला तसे सगळे खिडकीपुढं गेले.

क्लार्कनं आधार कार्ड घेतलं. "यांना कसं ओळखता?"

"भाऊ हाय मी त्यांचा," रशीद म्हणाला.

क्लार्कनं कार्डावरचं नाव वाचलं आणि कस्तुराबाईकडं पाहिलं.

"नातं काय न्हाई," ती म्हणाली. "माझ्या माणसाच्या कंपनीत व्हता. तेवढंच लिहा."

क्लार्कनं तसं लिहिलं. रशीदनं अंगठा दिला आणि सांगितल्यावर कॅमेऱ्याकडं बघितलं. कस्तुराबाईनं पावती घेतली, घडी करून पिशवीत ठेवली, आणि वैष्णवीबरोबर जायला दौंडची गाडी आता किती वाजता आहे, ते सर्जेरावांना विचारलं.